झेंड्याला निऱ्या नसतात

सिंगापूर
२० जानेवारी १९९८

ती. मालतीताईस,
धाकट्या भावाचा, भटूचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला म्हणून आधी मनात असतील तेवढ्या शिव्या देऊन घे, मग पुढचं वाच. मी खुशाल आहे. नवागामच्या एजंट शालिग्रामने सांगितलं होतं तसंच काम मिळालं, म्हणजे वेल्डिंगचंच. लोखंडी खांब रोवायचे, त्यांना आडवे जोड द्यायचे, वर खोल्या बांधायच्या. लोटूही माझ्याबरोबरच आहे. तो सगळ्यांचा स्वयंपाक करतो आणि दिवसभर नवागामच्या गोष्टी सांगतो, त्यामुळे परदेशात आल्यासारखं वाटतच नाही.

वर्कशॉप मोठं आहे. इतकं मोठं, की त्याचं दुसरं टोक दिसत नाही. हजिऱ्याच्या कारखान्यात धगीने जीव जायचा. इथे चारी बाजूंनी वारा असतो, पंखा लागत नाही. आजूबाजूला वस्ती नसल्यामुळे भांडणं नाहीत. मासे ताजे मिळतात, भाजी मात्र पाहुण्यासारखी कधीतरी येते.

पत्ता कंपनीच्या ऑफिसचा दिला आहे. ऑफिस कामाच्या जागेपासून लांब आहे, तेव्हा उत्तराला वेळ लागला तर दाजींना घेऊन शालिग्रामच्या दारात जाऊन बसू नकोस. तो बिचारा तुला भितो. वर्षाचा करार आहे, संपला की येतो.

तुझा
भटू


लिंबायत, सुरत
१२ फेब्रुवारी १९९८

चि. भटूस अनेक आशीर्वाद.

शिव्या दिल्या. पत्र तुझ्या दाजींनी पाळीवरून आल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग मी स्वतः वाचलं, कारण त्यांचा भरवसा नाही, मधलं गाळतात. पंखा लागत नाही म्हणे! इथे शेजारच्या खोलीत लूम चोवीस तास खडखडत असतात, पंखा सुरू आहे की बंद ते मान वर करून बघावं लागतं. तू साहेब झालास, दुसरं काय.

आता कामाचं ऐक. २८ मार्चला शनिवारी पाडवा आहे. मागच्या पाडव्याला तू हजिऱ्यात पाळीवर होतास आणि त्याच्या आधीच्या पाडव्याला दुपारपर्यंत घोरत होतास. या खेपेला कारण चालणार नाही. तुझ्या पेटीच्या तळाशी मी एक साडी घातली आहे. बायको बघून ये म्हणून नाही घातली, गुढीसाठी घातली आहे. प्रिंटमध्ये मोर उलटे छापले गेलेला तो तागा आठवतो का? मी त्याच्या साड्यांवर टिकल्या लावून बसले आणि मग शेठला दिसलं की मोर डोक्यावर उभे आहेत. माल परत घेईना. त्यातली एक साडी मी ठेवून घेतली. देवाला मोर उलटा काय नि सुलटा काय.

काठी कुठलीही चालेल. तांब्या नसेल तर पेला पालथा घाल. साखरेचं हार-कंगन तिकडे मिळणार नाही, त्याचं काय करायचं ते तुझं डोकं चालव. सकाळी उभारायची, मावळतीला दूध-साखर दाखवून उतरवायची. मध्ये कोणी काहीही म्हणो, हात लावायचा नाही. घरमालकाला विचारत बसू नकोस. आपल्या मायने वावटळीतसुद्धा गुढी उतरवली नव्हती, काठी कवटाळून उभी राहिली होती, हे तू लहान होतास तरी तुला आठवत असेल.

तुझी ताई
मालती


सिंगापूर
३ मार्च १९९८

ती. ताईस नमस्कार.

साडी सापडली. लोटू म्हणाला, भटूदादा बायको लपवून आणलीस की काय. गुढी उभारतो, शब्द दिला.

इथे एक भानगड आहे, ती तुला मजा म्हणून सांगतो. आम्ही ज्या जागेवर बांधकाम करतोय, तिच्यावर चौघांचा दावा आहे. एक जण येतो, भोंग्यावरून ओरडून सांगतो की ही जागा बापजाद्यांपासून आमची, चालते व्हा. आठ दिवसांनी दुसरा येतो आणि तेच दुसऱ्या भाषेत सांगतो. आमचा सुपरवायझर म्हातारा आहे, तो दोघांनाही हात जोडतो. आणि जागा म्हणशील तर अर्धा दिवस पाण्यात असते. तिच्यासाठी एवढा जीव टाकायला आत काय पुरून ठेवलंय कोण जाणे. खाली तेल आहे असं कोणीतरी म्हणतं.

आम्हाला मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही की चौघांपैकी आपण कोणाचं काम करतोय.

तुझा
भटू


लिंबायत, सुरत
१९ मार्च १९९८

चि. भटूस आशीर्वाद.

तुझ्या जागेची गोष्ट वाचून मला हसू आलं. सिंगापूर सिंगापूर म्हणतात आणि तिथेही आपल्या खाडीकाठासारखंच! इथेही खाडीच्या कडेची जी जागा पावसाळ्यात गळ्याइतक्या पाण्यात असते, तिच्यावरच सगळ्यांचा डोळा. मागच्या साली दोघे भांडत बसले आणि तिसऱ्याने भिंत घातली. आता तिथे त्याचं साबणाचं दुकान आहे.

तू मध्ये पडू नकोस. आपण बरं की आपलं काम बरं. मालक भांडतील, समजूत करतील, एकत्र बसून जेवतील आणि मार खाईल तो वेल्डर. भोंगेवाला आला की खाली मान घालून काम करायचं.

पाडवा विसरू नकोस.

ताई


लिंबायत, सुरत
१६ एप्रिल १९९८

भटू,

आशीर्वाद देणार नव्हते, पण द्यावे लागतात.

काल तुझे दाजी चहाच्या टपरीवरून गुजराती पेपर घेऊन आले. भजी बांधून आणली होती. आतल्या पानावर फोटो, वर ठळक अक्षरांत ‘दरियानी वच्चे अजाण्यो झंडो’. समुद्राच्या मध्यभागी कुठलासा खडक आहे, त्याच्यावर चार देशांचं भांडण आहे आणि तिथे कोणीतरी पाचवाच झेंडा लावला आहे, असं ते वाचत होते. विमानातून काढलेला फोटो. मोठमोठे लोक म्हणे डोकं खाजवताहेत की हा कोणत्या देशाचा झेंडा.

मी सहज मान वळवून पाहिलं. पाण्यात उभे लोखंडी खांब, वर खोली, खोलीवर काठी. काठीच्या टोकाला काहीतरी पालथं चमकत होतं. आणि खाली निऱ्या. मी दाजींना म्हटलं, झेंड्याला निऱ्या असतात का कधी? ते म्हणाले, परदेशी असेल. मग मी तो कागद दिव्याखाली धरला. भज्याचं तेल लागून कागद पारदर्शक झाला होता, तरी मोर दिसले. डोक्यावर उभे होते.

चारी बाजूंनी वारा आहे, नाही का? आणि दुसरं टोक दिसत नाही. मेल्या, मला तू खाडीकाठच्या जागेचा सल्ला द्यायला लावलास! मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की माझा भाऊ सिंगापुरात पंख्याशिवाय झोपतो.

पेपरात लिहिलं आहे की तिथल्या माणसांना एका देशाच्या नौदलाने पकडून नेलं. किती माणसं, कुठली, काही नाही. फक्त झेंड्याबद्दल लिहिलं आहे. त्या काठीखाली जिवंत माणसं होती, हे लिहायला त्यांच्याकडे जागा उरली नसेल.

मला राग आला आहे आणि त्याच्या खाली भीती आहे. कुठे आहेस ते लिही. आता खोटं लिहिलंस तर मी स्वतः येईन.

ताई


२२ एप्रिल १९९८
(पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे)

ती. ताईस नमस्कार.

हे पत्र वाचेपर्यंत तुला कुठून तरी कळलं असेल, तरी माझ्या तोंडून ऐक. इथे मराठी वाचता येणारा कोणी नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

सिंगापुरात मी दोनच दिवस होतो. वर्कशॉप म्हणजे समुद्र. जमीन म्हणजे एक खडक, भरतीला बुडतो आणि ओहोटीला म्हशीच्या पाठीएवढा वर येतो. मच्छीमारांना आसरा म्हणून आम्ही त्यावर खोल्या बांधतोय असं सांगितलं होतं, पण मच्छीमार तिथे फिरकायलाही घाबरत. तुला कळवलं असतं तर तू मला हजिऱ्यालासुद्धा परत जाऊ दिलं नसतंस.

पाडव्याला सकाळी मी पाईपला साडी बांधली, निऱ्या घातल्या, वर स्टीलचा पेला पालथा घातला. हार-कंगनाच्या जागी लोटूने बिस्किटांना भोकं पाडून माळ केली. निम्मी बिस्किटं फुटली, ती आम्ही खाल्ली. सुपरवायझरला वाटलं मी बायकोची साडी वाळत घातलीय. मी सांगितलं आमचं नवीन वर्ष आहे, तर त्याने माझ्याशी हात मिळवला आणि गुढीला नमस्कार केला. भला माणूस आहे.

थोड्या वेळाने एक विमान आलं, घिरट्या घालून गेलं. दुपारी करड्या रंगाची बोट आली. भोंग्यावरून हुकूम झाला, झेंडा उतरवा. लोटू म्हणाला, दादा, काढी टाक. मी काठी धरून उभा राहिलो आणि सुपरवायझरला म्हटलं, त्यांना सांग:

“हाई झेंडा नही, गुढी शे. सूर्य बुडना म्हणजे मी उतारसू.”

अहिराणीत काय म्हणतोय ते त्याला कळलं नाही, मग मोडक्या हिंदी-इंग्रजीत समजावलं. त्याने ते ओरडून सांगितलं. बोटीवरच्या तोफेवर कापड होतं, ते त्यांनी काढलं.

भीती वाटली नाही असं लिहिलं तर तू मला खोटारडा म्हणशील. पण ताई, दोन-अडीच महिने रोज कोणी ना कोणी येऊन उठा म्हणत होतं. खडक कोणाचा हे सगळे सांगायचे, पण आमचं नाव काय, आम्ही काय खातो, हे एकानेही विचारलं नाही. वर्षातला एवढा एक दिवस माझा होता. तो मी त्यांना द्यायचा नाही असं ठरवलं. तोफ तशीच रोखलेली, मी तसाच उभा, बाकीची माणसं खाली सावलीत बसलेली. सगळी दुपार अशी गेली.

गंमत पुढेच आहे. संध्याकाळ होत आली तेव्हा रेडिओवर दुसरा हुकूम आला. ज्यांचं काम आम्ही करत होतो, त्यांचा. तेव्हा कुठे कळलं की चौघांपैकी आपले मालक कोण. ते म्हणाले शाबास, झेंडा अजिबात उतरवू नका, रात्रंदिवस राहू द्या, उद्या आमची बोट फोटोवाले घेऊन येते. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांचं काय जात होतं? मी दुधाच्या पावडरीत पाणी घातलं, साखर टाकली, सूर्य टेकल्यावर नैवेद्य दाखवला आणि गुढी उतरवली. साडी घडी करून पेटीत ठेवली. रेडिओवरचा माणूस ओरडत राहिला. समोरच्या बोटीला वाटलं आम्ही त्यांच्या भीतीने उतरवली, तर सुपरवायझरने त्यांनाही सांगितलं की नाही, वेळ झाली म्हणून उतरवली. दोन्ही देश एकदम माझ्यावर चिडले. त्या खडकाच्या बाबतीत त्यांचं एवढं एकमत पूर्वी झालं नसेल.

पहाटे समोरच्या बोटीवरच्या लोकांनी आम्हाला उचलून या बंदराच्या गावी आणलं. मारहाण नाही. भात मिळतो. एक अधिकारी रोज प्रश्न विचारतो, हिंदी येणारा एक दुभाषा शोधून आणलाय. बिस्किटांची माळ टेबलावर ठेवून मला विचारलं, ही सात वर्तुळं म्हणजे कोणती सात बेटं? मी म्हटलं, साहेब, आठवं लोटूने खाल्लं.

आता खरी गोष्ट. त्यांनी एक कागद केला आहे. हा झेंडा अमुक देशाचा, त्या देशाच्या हुकमाने लावला, असा. बाकीच्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, त्यांना सोडताहेत. लोटूनेही केली. त्याला बोल लावू नकोस, त्याला दोन लेकरं आहेत. सुपरवायझर अजून आत आहे. माझ्या सहीशिवाय कागदाला किंमत नाही, कारण लावणारा मी. सही केली की दुसऱ्या दिवशी घरी.

पण सही केली तर हुकूम पोचवणारा म्हणून सुपरवायझर कायमचा आत जाईल. आणि त्या कागदाच्या जोरावर यांच्या बोटी दुसऱ्या खडकांवर जातील. तिथेही कुठल्यातरी लिंबायतची पोरं खांब जोडत बसली असतील. मी सही करणार नाही. एवढंच तुला सांगायचं होतं.

भटू


लिंबायत, सुरत
६ मे १९९८

चि. भटूस आशीर्वाद.

पत्र मिळालं. त्याच दिवशी शालिग्राम घरी आला. कंपनीला लफडं नको आहे, तो म्हणतो. दोन तास बसला, माझ्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला:

“बहिन, त्याले लिख, सही करी टाक नि घर ये. दरिया कोना बापना शे? आपले काय करनं शे?”

मला त्याचं पटलं. तुझे दाजीही तेच म्हणतात. त्या खडकाशी आपला काय संबंध? चार देश आपलं बघून घेतील. म्हाताऱ्याला त्याचे लोक सोडवतील. तू एकटा किती जणांची काळजी वाहणार? गुढी तू वेळेआधी उतरवली नाहीस, मला अभिमान वाटला, झालं, आता पुरे. नाकापेक्षा मोती जड नको.

सही कर आणि ये. मी सांगते म्हणून कर.

ताई


लिंबायत, सुरत
१८ मे १९९८

भटू,

माझं आधीचं पत्र फाडून टाक. हे आधी मिळालं तर ते उघडू नकोस.

परवा लोटू आला. दारातच बसला, आत येईना. मी पाणी दिलं, भाकरी वाढली. खाता खाता म्हणाला, “ताई, मी भ्यायनू. भटू नही भ्यायना.” मग त्याने ती दुपार सांगितली. तू पत्रात लिहिलं नाहीस की बोटीवरून हवेत गोळी झाडली होती. तू लिहिलं नाहीस की तू खाली बसलेल्यांना म्हणालास, तुम्ही पलीकडच्या बाजूला जा, काठी मी एकटा धरतो. आणि हेही लिहिलं नाहीस की सही न केल्यामुळे तुला वेगळ्या खोलीत ठेवलं आहे. माझा भाऊ खरं बोलायला लागला तरी निम्मंच बोलतो.

लोटू गेल्यावर मी खूप रडले. हे लिहायला मला लाज नाही.

दुसऱ्या दिवशी शालिग्राम पुन्हा आला. आता त्याने माझ्या नावाने पत्रच लिहून आणलं होतं, खाली फक्त मी सही करायची. ‘बहीण आजारी आहे, सही करून लगेच ये.’ भटू, तेव्हा मला तुझं कळलं. दुसऱ्याने लिहिलेल्या कागदाखाली आपलं नाव घालायला हात कसा जड होतो ते कळलं. मी त्याला म्हटलं, भाऊ, दरिया कोणाच्या बापाचा नाही हे तुझं बरोबर. पण साडी माझी आहे. माझ्या साडीला कोणी झेंडा म्हणायचं नाही. आणि मी आजारी नाही, पाहिजे तर दाखवते. तो चहा न पिता गेला.

तर तू सही करू नकोस. उशीर झाला तर होऊ दे.

आता तुझ्या त्या अधिकाऱ्याला दाखवण्यासाठी सोबत फोटो पाठवते आहे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी गणपत फोटोवाल्याचं दुकान आहे. पाडव्याच्या सकाळी त्याच्या रोलमध्ये दोन फोटो उरले होते, ते संपवायला त्याने गच्चीवरून गल्ली टिपली. बघ कशी आली आहे. खिडकी-खिडकीतून काठ्या बाहेर आलेल्या, सगळ्यांवर साड्या, सगळ्यांवर पालथे तांबे. मधली काही दारं मोकळी आहेत, ती आपल्या ओडिया आणि भैया शेजाऱ्यांची. पार्वतीवहिनीच्या गुढीला तर तुझ्यासारख्याच उलट्या मोरांची साडी आहे, त्याच ताग्यातली, मीच दिली होती.

साहेबाला फोटो दाखव आणि माझा निरोप सांग. हे झेंडे असतील, तर लिंबायत कोणत्या देशाने घेतलं ते त्याने मला सांगावं. इथे पाण्याचा नळ कधी येतो ते विचारायचं आहे.

तब्येत सांभाळ. हट्ट सोडू नकोस.

तुझी ताई
मालती


२० जून १९९८

ती. ताईस नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. तारखा न बघता मी सही करवणारं आधी उघडलं. वाचून अर्धा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतो. तुझा शब्द मी कधी मोडला नाही, आणि हा मोडायचा म्हणजे काय हे तुला माहीत आहे. मोडायचा असंच ठरवलं होतं, हे तुला सांगून टाकतो. मग दुसरं पाकीट उघडलं आणि त्यातून गल्ली बाहेर आली.

मधल्या दिवसांत इथे वेगळीच गडबड झाली होती. आपल्याकडे वाळवंटात बॉम्बची चाचणी झाली, ते यांच्या पेपरात पहिल्या पानावर आलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा बसायला खुर्ची मिळाली. अधिकारी हळूच विचारायला लागला, तो झेंडा भारत सरकारचा तर नाही? भारताचाही त्या खडकावर दावा आहे का? मी हो म्हटलं असतं तर बहुतेक चहासुद्धा मिळाला असता. मी म्हटलं, नाही साहेब, माझ्या बहिणीची साडी आहे. तो पुन्हा चिडला आणि खुर्ची गेली.

फोटो मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो टेबलावर ठेवला. तो बराच वेळ बघत बसला. मग कपाटातून विमानातला फोटो काढला, शेजारी ठेवला आणि भिंग घेतलं. माझ्या काठीवरून पार्वतीवहिनीच्या खिडकीवर, तिच्या खिडकीवरून माझ्या काठीवर. दोन्हीकडचे मोर जुळले. त्याने विचारलं, हे कोणतं सैन्य? मी म्हटलं, लूमवाले आहेत, पाळीवर जायच्या आधी गुढी उभारतात. मग तुझा निरोप सांगितला, लिंबायत कोणी घेतलं तो. दुभाष्याने नळाचंही सांगितलं. दुभाषा आधी हसला आणि मग साहेबाला हसू आवरेना. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याने माझं नाव विचारलं, नुसतं नाव, कागदावर लिहिण्यासाठी नाही.

कागद रद्द झाला. साडी वाळत घातली होती असं त्यांनी काहीतरी लिहिलं म्हणे, ते मी दुरुस्त करायला लावलं. लोटूच्या आणि बाकीच्यांच्या सह्यांचा आता काही उपयोग नाही, हे त्याला जाऊन सांग, म्हणजे तो आत येऊन जेवेल. सुपरवायझरला माझ्या आधी सोडलं. जाताना त्याने मला मिठी मारली आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला, ते मला कळलं नाही, पण आवडलं.

माझी पाळी आली तेव्हा अधिकाऱ्याने आणखी एक कागद पुढे केला. छोटासाच होता. मी यापुढे त्यांच्या समुद्रात असं काही उभारणार नाही, एवढं लिहून द्यायचं. एवढी सही कर आणि जा, तो म्हणाला, यात कोणाचं नुकसान आहे? त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मलाही घरी यायचं होतं. पेन हातात घेतलं, मग खाली ठेवलं.

मी म्हटलं, “साहेब, समुद्र तुमचा असं मी लिहून दिलं तर बाकीचे तिघे मला धरतील. आणि पाडव्याला मी जिथे असेन तिथे गुढी उभारणार. तुम्हाला ती इथे नको असेल, तर मला त्याच्या आधी घरी पाठवा.”

दुभाष्याने सांगितलं. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि तो कागद दुमडून खिशात घातला. उद्या सकाळच्या विमानाचं तिकीट त्याने स्वतः आणून दिलं आहे.

तुझा
भटू